सगळ्यात हळू पायरी

लॅबमधले किस्से म्हणजे सिंकखालच्या काचा. रोज झाडतो, रोज म्हणतो आता संपल्या, अन् दुसऱ्या दिवशी एक पायात घुसतीच! मित्रांत बसलं की लोक म्हणतात, "मामा, सांगा की एखादा." एखादा कसा सांगू? एक काढला की त्याच्या मागं चार येतात.

मी सातवी शिकलेला माणूस. गावाकडून संभाजीनगरला आलो, तवा औरंगाबाद म्हणायचे, अन् कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबला अटेंडंट लागलो. डोकं गरम, तोंड फाटकं. पोरं मला मामा म्हणायची, पण लांबून.

तिथं शुभांगी मॅडम पीएचडी करायल्या होत्या. राहायला उस्मानपुऱ्यात. धारूरकर सर त्यांचे गाईड. अन् दोघांचं एकच भांडण.

मॅडमचं एक अल्कोहोल होतं (प्यायचं नव्हं, आधीच सांगतो!). ते नारंगी औषधात टाकलं की हळूहळू हिरवं व्हायचं. दोन पायऱ्यांत. आधी दोघं एकमेकांला चिकटणार, मंग त्यातला एक हायड्रोजन तुटणार. मॅडम म्हणायच्या, तुटायलाच वेळ लागतो. सर म्हणायचे, चिकटायलाच लागतो, तुटतं ते चुटकीसरशी.

सर खरे निघाले तर मॅडमची दोन वर्षं पाण्यात. अन् त्या साली दुष्काळ पडलेला, पाणी तर नळालाबी नव्हतं! घरून मॅडमला वडिलांनी बजावलेलं, "यंदा झालं तर ठीक, नाहीतर पुरे."

*

पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणल्या, "मामा, रिॲक्शन चालू आहे, जरा लक्ष ठेवा."

मी स्टूल घेऊन बसलो. नारंगी. पाच मिनिटं, नारंगी. काय हलंना, काय फसफसंना.

"मॅडम, बंद पडली वाटतं."

"चालू आहे, मामा."

म्हणलं बरं. चहा पिऊन आलो तर सगळं हिरवंगार! मी दचकलोच. एवढा वेळ डोळे फाडून बसलो तर काय नाय, अन् पाठ फिरवली की खेळ झाला?

मॅडम हसल्या. "पहिल्या सेकंदापासून चाललंच होतं. दिसत नाही म्हणून थांबलेलं नसतं, मामा."

"मंग ऑफिसात माझी फाईल बी चालूच असंल!"

*

एकदा मला गावाकडची शेवटची एसटी धरायची होती. मॅडमची रिॲक्शन काय संपंना. मी गुपचूप गरम पाण्याच्या बाथचं बटण फिरवलं. जरासंच! म्हणलं तेवढंच लवकर होईल.

झालं की! निम्म्या वेळात हिरवं. मी खूश. सरांनी थर्मामीटर बघितला अन् माझ्याकडं बघितलं.

"दहा डिग्री वाढवली तुम्ही?"

"दहाच तर सर!"

"दहा डिग्रीला वेग जवळजवळ दुप्पट होतो. दिवसभराच्या रीडिंग गेल्या."

मी म्हणलं, असं कसं? दहा डिग्रीनं माणसाला नुसता घाम येतो, अन् ह्यांचं पळणंच दुप्पट? सरांनी वहीत आकडे दाखवले. आकडे मला वाचता येतात. खरंच होतं हो. मी कान धरले. एसटी बी गेली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी चिकटवलेली : "मामा दहा डिग्रीनं तापले तर दुप्पट लांब उभे राहावे."

*

मधूनच रिॲक्शन थांबवून बघायची असली की थोडंसं काढून बर्फात टाकायचं. गार झालं की ती जागच्या जागी थबकती. थबकती म्हणजे लई लई हळू होती, मॅडम मला टोकायच्या.

पण त्या साली पाणी कधी यायचं, कधी नाय. आमचं बर्फाचं मशीन कोरडं ठणठणीत. मॅडम रडकुंडीला आल्या. मी फौरन रिक्षा केली अन् औरंगपुऱ्यात बर्फवाल्याकडं गेलो. एक लादी शिल्लक होती, अन् तिला एक रसवाला चाचा धरून बसलेला.

मी म्हणलं, सोडा. तो म्हणला, "मैं पहले आया." माझं डोकं सटकलं. दोघांनी लादीचं एकेक टोक धरलं, अन् ती आमच्या भांडणात वितळायली.

"इतने बरफ का करते क्या तुम? शादी है क्या घर में?"

"शादी नाय! आमच्या कॉलेजात ह्याच्यात घालून वेळ थांबवत्यात!"

त्यानं हात सोडला. माझ्याकडं टकामका बघितलं. मंग अर्धी लादी फोडून माझ्या पोत्यात घातली अन् हळूच म्हणला, "तो हमारी भी थोडी रोक दो ना भाई. बेटी का निकाह है अगले महिने. दिल नहीं भरता."

मी भांडायचं विसरलो.

*

दुष्काळ वाढला तसं शहर बी वाढलं. बायपासकडं नव्या नव्या सोसायट्या, अन् सगळे टँकर तिकडंच. आमच्याकडं एक आला तर ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसलेला : "लवकर खाली करा, मला सोसायटीला जायचंय!"

लॅब दुसऱ्या मजल्यावर. पंप बंद. मी पोरांची रांग लावली, हातोहात बादल्या. खाली बादल्या धडाधडा भरायच्या, वर पोरं रिकाम्या हातानं उभी. काय गडबड हाय? जिन्यातच कुठंतरी तुंबत होतं.

मी खालूनच ओरडलो, "अरे कोण हाय रे त्या वळणावर मंद? त्या एकापायी सगळी रांग मेली!"

वळणावरून बादली घेऊन डोकावले ते धारूरकर सर!

सरांनी बादली खाली ठेवली, घाम पुसला अन् पोरांना म्हणाले, "लिहून घ्या. सगळ्यात हळू पायरीच सगळ्यांचा वेग ठरवते. मी वीस वर्षं हेच शिकवतोय, पण मामांएवढं स्पष्ट मला कधी जमलं नाही!"

*

मंग मॅडमनं दीड महिना खपून नवं अल्कोहोल बनवलं. सगळं तसंच. फक्त जो हायड्रोजन तुटतो, तो काढून त्या जागी जड हायड्रोजन बसवलेला. एकाच खेपेपुरतं.

मला बाटली दाखवली. पाण्यावानीच. हातात धरून काय फरक कळंना.

"जड असला की तुटायला जास्त वेळ घेतो, मामा. माझं खरं असेल तर हे खूप हळू हिरवं होईल. सरांचं खरं असेल तर साध्यासारखंच, बारा मिनिटांत."

डोळ्याला न दिसणारा एवढासा कण, त्याचं वजन वाढलं म्हणून घड्याळ बदलणार?

दोन फ्लास्क शेजारी शेजारी, एकाच बाथमध्ये. एकात साधं, एकात जड. सर पाठीमागं हात बांधून उभे. घड्याळ माझ्याकडं.

बारा मिनिटं झाली. साधं हिरवं. जड नारंगी.

"थर्मामीटर बघा," सर म्हणाले. मॅडमनं बघितला. मंग सरांनी स्वतः बघितला. बरोबर होता.

वीस मिनिटं. नारंगी. मॅडमनं टेबलाची कड घट्ट धरलेली. जन्मात मी कुणाला हळू चाल म्हणलो नाय, पण त्या दिवशी मनातल्या मनात फ्लास्कच्या पाया पडत होतो : हळू, माझे आई, अजून हळू!

अर्धा तास. नारंगी. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. स्टूल ओढलं, मॅडमला बसवलं. आपण उभेच.

तेवढ्यात ऑफिसातला शिपाई धापा टाकत आला.

"सर, मीटिंगला सगळे जमलेत. साहेब तुमची वाट बघायलेत."

"अडकलोय म्हणून सांग."

"कशात म्हणून सांगू?"

सरांनी मानसुद्धा वळवली नाय.

"नारंगीत!"