सर्व्हरचं भाडं

माझ्या मनात एखाद्याविषयी अढी बसली की ती जात नाही. आई म्हणायची, हिला राग गिळता येत नाही. नाहीच येत. आणि ज्या माणसाविषयी लिहितेय, त्याच्यावरचा राग मला गिळायचाही नाही.

तो माझा कॉलेजातला मित्र. पुढे दोघंही महापेच्या कंपन्यांत चिकटलो, दोघांची घरं कोपरखैरण्यात. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जणांनी एक छोटं ॲप चालवायला घेतलं. ज्या देशांत सरकारने निम्मं इंटरनेट बंद करून ठेवलंय, तिथल्या माणसाचा फोन आधी आमच्या सर्व्हरला जोडला जायचा आणि तिथून बाहेरच्या जगात. फुकट. कोण वापरतं ते विचारायचं नाही, कुठे लिहून ठेवायचं नाही. काम आम्ही नोकरी सांभाळून करायचो, पण परदेशातले सर्व्हर भाड्याचे. भाडं चुकलं की ते बंद, विषय संपला. लोक शाळेच्या वह्यांना पैसे देतात, रक्तदान शिबिराला देतात. सर्व्हरच्या भाड्याला कोण देणार? सोसायटीतल्या एका काकांना मी सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे तुमी त्यांचा नेटपॅक भरता?" म्हटलं, तसंच समजा. त्यांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

ॲपमध्ये आम्हाला निरोप लिहायला एक खिडकी होती. तिथे एक बाई लिहायची. तिच्या देशात मोठ्या मुलींच्या शाळा बंद केलेल्या, ही घरात बसून त्यांना फोनवरून शिकवायची. "आज गणित झालं." "दोघी नवीन आल्या." एवढंच. नाव आम्ही कधी विचारलं नाही. पण खरं सांगते, भाड्यातला माझा वाटा भरताना डोळ्यासमोर तीच असायची, आणि पैसे गेल्याचं काही वाटायचं नाही.

माझा हा मित्र बोलण्यात पटाईत. आमच्या कामातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण माइक हातात आला की असा बोलायचा, जसं काही सगळे सर्व्हर हाच खांद्यावर वाहतोय. त्यानेच कळंबोलीचा एक लोखंडाचा व्यापारी गाठला. वर्षाचं भाडं देतो म्हणाला! मी आनंदाने वेडी झाले, त्याला वाशीत जेवायला घातलं. व्यापाऱ्याची अट एकच, नाव दिसलं पाहिजे. आपल्याकडे हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. मंडळाच्या कमानीवर नाव असतं, बसस्टॉपच्या बाकावर असतं. मी स्पष्ट सांगितलं, इथे नाव चालणार नाही, माणसं अडचणीत येतील. त्याने मान डोलावली.

मी चुलतबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले आणि त्याने आमच्यातल्या एकाला गोड बोलून डाव साधला. ॲप उघडलं की पहिलं पान "सौजन्य" म्हणून, खाली व्यापाऱ्याच्या दुकानाचं चित्र, आणि ते चित्र यायचं, फोन आमच्या सर्व्हरला जोडला जायच्या आधीच, थेट त्याच्या वेबसाइटवरून. आता मला सांगा, त्या देशातल्या बाईच्या फोनला कळंबोलीच्या लोखंडवाल्याची साइट कशाला हवी? तिथल्या सरकारी माणसांना एवढंच बघायचं होतं. लोखंडवाल्याकडे जाणारा फोन पुढे कुठे जातो? आमच्याकडे. मी परत येईपर्यंत आमच्या सर्व्हरचे सगळे पत्ते तिथे बंद झाले होते.

मी ते पान काढलं, नवे पत्ते घेतले. हळूहळू लोक परत आले. ती बाई आली नाही. फोन बदलला असेल, असं बाकीचे म्हणाले. मलाही तसंच समजायला आवडलं असतं.

आणि तो? व्यापाऱ्यासमोर, सगळ्यांसमोर म्हणतो कसा, "सर्व्हर मॅडम बघतात. नेमक्या त्या गावाला गेल्या होत्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं खापर माझ्यावर फोडून तो मोकळा झाला. व्यापाऱ्याने पैसे थांबवले, याने ग्रुप सोडला. भाषणं मात्र सोडली नाहीत. एका हॉलमध्ये याच कामासाठी शाल-श्रीफळ घेतलं मेल्याने! इकडे मी भाड्यासाठी एफडी मोडत होते.

मग त्याच्या कंपनीने त्याला काही महिन्यांसाठी बाहेर पाठवलं. कुठे? तशाच एका बंद देशात. एक दिवस साध्या फोनवरून त्याचा कॉल. "अगं, इथे व्हिडिओ कॉल लागत नाही. पोरगी रडते गं मला बघायला. विकतची ॲपं सगळी ट्राय केली. आपला तो पत्ता दे ना."

आपला!

आता गंमत ऐका. आमच्या साइटच्या पहिल्याच पानावर एक मेल आयडी आहे. त्यावर कोरा मेल टाकला की नवा पत्ता आपोआप येतो, कुणालाही, फुकट. तिथे मेल चालू होता. पण गावभर भाषणं देणाऱ्या या माणसाने ते पान कधी उघडलंच नव्हतं. शिवाय याला रांग माहीतच नाही. पासपोर्टला ओळख, ॲडमिशनला ओळख, सिलेंडरलासुद्धा ओळख लावणार.

"पत्ता देते," मी म्हणाले. "पण सर्व्हरचं भाडं तू भरायचं. स्वतःच्या खिशातून, दर महिन्याला. कुठेही नाव येणार नाही. बायकोलाही सांगायचं नाही."

"किती महिने?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

कबूल झाला बिचारा. आपोआप येणाऱ्या मेलमधला पत्ता मी त्याला जसाच्या तसा पाठवला आणि जेवायला पापलेट मागवलं. चांगलीच जिरवली होती! पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले.

परत आल्यावर तो थेट माझ्या दारात. तिकडच्या ऑफिसमध्ये कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. चपला न काढताच ओरडायला लागला. "फसवलंस मला! फुकट मिळतं ते!"

"हो. सगळ्यांना मिळतं."

"मग मी कशाला भरतोय?"

मी लॅपटॉप उघडला, त्या बाईचे निरोप काढले आणि त्याच्याकडे फिरवला. शेवटचा निरोप मी साताऱ्यात होते तेव्हाचा. "आजपासून पहिल्या पानावर कसलं तरी चित्र दिसतंय. उद्या भूगोल घेईन." त्याच्याखाली काही नव्हतं. त्याने स्क्रीन खाली सरकवून बघितली, परत वर नेली.

"ती परत लिहील त्या दिवशी थांबव," मी म्हणाले.

तो पाणीही न घेता गेला. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. त्याने भरणं बंद केलं असतं तर मी काय करणार होते? काही नाही. निरोपांची खिडकी मी रोज उघडते. या महिन्याचेही पैसे त्याच्याकडून आले.