आंबलेलं आम्रखंड

सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये गुणवत्तेच्या प्रमाणपत्राला दर दसऱ्याला हार घालायचे. गुणवत्ता म्हणजे नेमकं काय, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. हार मात्र ताजा हवा, याबद्दल लॅब चालवणारे आमचे डॉक्टर फार काटेकोर. मी तिथे अकरा वर्षं टेक्निशियन होते, आणि त्या ढोंगात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझं काम स्तनाच्या गाठी तपासायचं. गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यावर एका इवल्याशा बाटलीतलं रसायन घालायचं. पेशी तपकिरी झाल्या तर गाठ शरीरातल्या हार्मोनवर पोसतेय, म्हणजे त्या बाईला रोजची एक गोळी लागू पडणार. तपकिरी नाही, तर गोळी नाही. म्हणून नियम असा, की प्रत्येक वेळी शेजारी एक ओळखीचा काप ठेवायचा, जो तपकिरी होतोच हे आपल्याला ठाऊक आहे. तो रंगला नाही तर आपली तपासणीच खोटी. डॉक्टरांना हा काप म्हणजे फुकटचा खोळंबा वाटायचा. “रोज उठून आपलीच परीक्षा काय घ्यायची?” म्हणायचे. बाहेरून तपासनीस येणार असले की मात्र आठवणीने ठेवायला लावायचे.

बाटली फ्रिजमध्ये राहते. फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता, रोज दोनदा बघून भरायचा. मी तो महिन्याच्या एक तारखेलाच भरून टाकायची. कधी चार, कधी पाच. खरं वाटावं म्हणून मध्येच पेन बदलायची. ही कला मला आधीच्या टेक्निशियनबाईंनी शिकवली. एका तपासनीसाने तर चहा घेता घेता माझ्या सुबक रेकॉर्डचं कौतुक केलं होतं, आणि मीही ते निलाजरेपणाने ऐकून घेतलं.

त्याच फ्रिजमध्ये डॉक्टरांचं आम्रखंडही असायचं. पाडव्याला जोडून तीन दिवस लॅब बंद होती, आणि नेमका गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. बाहेर रणरणतं ऊन. चौथ्या दिवशी मी फ्रिजचं दार उघडलं, तर आंबूस भपकारा आला. डॉक्टर धावत आले. त्यांनी झाकण काढून हुंगलं, बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. “टाका ते आधी, कुणीतरी आजारी पडेल!” मग फ्रिज सोड्याच्या पाण्याने लखलखीत पुसून घेतला. रसायनाची बाटली मी बाहेर काढली, कोरडी केली आणि पुन्हा जागेवर ठेवली. तक्त्यावर त्या तिन्ही दिवशी चार होतं.

पुढचे तीन आठवडे एकही गाठ तपकिरी झाली नाही, आणि आम्हा शहाण्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार बायकोचा रिपोर्ट न्यायला आले. गोळी लागू नाही, हे त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि थेट आत माझ्याकडे आले. विचारायचं होतं वेगळंच, पण नजर फ्रिजच्या दारावर अडकली.

“म्याडम, आज अठरा तारीख हाय न्हवं? मग तीस तारखंचा आकडा आत्ताच कुणी बगितला?”

डॉक्टर हसले. “फॉर्मॅलिटी असते हो ती.”

“आमच्यात रायफल झिरो केल्याबिगर फायरिंगला न्हेत न्हाईत, साहेब. आदी ठावक्या टारगेटवर मारून बगायचं. तुमी तुमचं कवा बगितलं?” डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले. “मग आता बगा. मी बसतो हितं.”

आणि ते बाकावर ताठ बसले. अकरा वर्षांत जे माझ्या पदवीने केलं नाही, ते एका फौजीच्या बसण्याने केलं. मी त्यांच्या बायकोच्या कापाशेजारी ओळखीचा काप ठेवला. तो कोरा राहिला. दुसऱ्या दिवशी नवी बाटली आणून पुन्हा केलं, तर दोन्ही काप तपकिरी. त्यांच्या बायकोची गोळी सुरू झाली.

त्या तीन आठवड्यांतले बाकीचे सगळे काप मी हट्टाने नव्याने तपासले. आणखी एक रिपोर्ट चुकलेला निघाला, आटपाडीकडच्या एका मेंढपाळ बाईचा. ऑपरेशन झालेलं, गोळी लागू नाही म्हटल्यावर ती कळपामागे पश्चिमेला निघून गेलेली. नोंदीतला फोन गावातल्या दुकानदाराचा होता. “मिरगाच्या तोंडाला येतील माघारी,” एवढंच त्याला माहीत. डॉक्टरांनी हात झटकले. “आपण फोन केला होता, तेवढं लिहून ठेवा.” लिहून ठेवण्यात आमचा हात कोण धरणार!

ती आली तेव्हा आषाढ लागला होता. तिने पिशवीतून रिपोर्ट काढला. मेंढरांमागे भिजू नये म्हणून फोटोवाल्याकडून प्लॅस्टिकमध्ये चिकटवून, लॅमिनेट करून घेतलेला. “लय जपून ठिवलाय बगा, बाई,” म्हणाली. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी सही झळकत होती. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त स्वतःचा संताप आला. मी तिला सगळं सांगितलं, मावशी म्हणून समोर बसवून. वीज गेल्याचं, बाटलीचं, कोऱ्या कापाचं, आम्रखंडाचंसुद्धा. गोळी आजपासून सुरू करायची. मधले तीन महिने फुकट गेले, त्यात आत काय झालं असेल ते मला सांगता येत नाही, हेही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

“म्हंजी खायाचं नासल्यालं कळलं,” ती म्हणाली, “आन् त्येच्या शेजारचं न्हाई कळलं?”

मी तो रिपोर्ट तिच्या हातातून घेतला आणि फाडायला गेले. प्लॅस्टिक फाटेना.