उकिरड्यातला आंधळा साप

पोटुशी बाईची सावली सापावर पडली की साप आंधळा होतो आणि तिच्या पोटावर डूख धरतो, अशी आमच्या वाडीत पक्की समजूत होती. सापाची कोणी चौकशी करत नसे. बाईची मात्र पुरती व्हायची.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, आणि मी तेव्हा महाडला कॉलेजात होते. ऐन पावसाळ्यात थोरल्या वहिनीला सहावा महिना लागला होता. गोठ्यातलं शेण उकिरड्यावर टाकायचं काम तरीही तिचंच, कारण सहावा महिना म्हणजे काही दुखणं नव्हे, असं आईचं मत. एका सकाळी वहिनी टोपली रिकामी करत असताना कडेचा दगड घसरला आणि खाली ते दिसलं. जांभळट, अंगावर वळ्याच वळ्या, वीतभराहून थोडं लांब. शिजलेल्या साबुदाण्यासारख्या अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलं होतं. वहिनीच्या ओरडण्याने दादा फावडं घेऊन धावला. त्याने त्या जनावराचे तुकडे केले आणि अंडी पायाखाली रगडली. आईने काठीने डोकं उलटंपालटं करून पाहिलं. डोळे नव्हते.

"सावली पाडलीस नं," आई वहिनीला म्हणाली.

आभाळ असं भरून आलं होतं की कोणाचीच सावली पडत नव्हती. पण आईपुढे हे बोलायची कोणाची टाप होती?

आईने वहिनीला एक दिवसाआड उपास लावले. उपासाच्या दिवशी टेकाडावरच्या वारुळाला दूध घालायचं. शेवाळलेल्या वाटेने ती पोट सांभाळत तांब्या घेऊन चढायची आणि दादा ओटीवर बसून बघायचा. सख्खा भाऊ आहे, तरी सांगते, इतका शेळपट माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहिनी मात्र सगळं मनोभावे करायची. तिला ते खरंच वाटत होतं, याचाच मला जास्त राग यायचा.

आठव्या महिन्यात मुलगा झाला, मेलेला. सापाने आपलं वसूल केलं, असं आईने गावभर सांगितलं. वहिनीला विश्रांतीसाठी म्हणून वरंधला माहेरी धाडलं आणि आणायला कोणी गेलंच नाही. वर्ष उलटायच्या आत दादाने दुसरी केली.

पुढे बी.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेतल्या एका बरणीत मला तेच जनावर दिसलं. सर म्हणाले, हे देवगांडूळ. साप नव्हे, बेडकाच्या नात्यातलं, बिनपायांचं. डोळे जन्मापासूनच कातडीखाली झाकलेले. याच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या दोन-चार घाटांतच सापडतात, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बाकीच्या मुली पुढच्या बरणीकडे गेल्या. मी तिथेच उभी राहिले. जगात कुठे नाही ते आमच्या उकिरड्यात नांदत होतं आणि आम्ही त्याला साप ठरवून एक बाई घराबाहेर काढली होती.

घरी जाऊन आईला सांगितलं. तिने थापत असलेली भाकरीसुद्धा थांबवली नाही.

"बेडकाचा भाऊ असू दे नाय तर बापूस. आता दुसरी नांदतेय."

दादा जेवता जेवता हात धुवायला उठला.

मग मी वरंधची एस.टी. पकडली. वहिनी भावाकडे राहत होती, त्याच्या गुरांचं शेणघाण करत होती, आणि ते उपास तिने अजून सोडले नव्हते. तिच्या मनावरचं ओझं उतरेल या खुशीत मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातला विळा खाली ठेवला.

"म्हंजे तो साप नव्हताच?"

"नव्हता. आणि तुझ्यामुळे आंधळाही झाला नव्हता."

"मला वाटायचं, त्याची पोरं मारली म्हणून माझा गेला. फिटंफाट झाली. मग वन्सं, माझा पोर गेला कशापायी?"

मी काही डॉक्टर नव्हते. पण इतक्या वर्षांचा आईवरचा राग तोंडाशी आला होता.

"उपासांपायी, वहिनी. पोटुशी बाईला उपाशी डोंगर चढायला लावलं, दुसरं काय होणार?"

वाटलं, आता ती आईला शिव्या देईल. मला त्या ऐकायच्या होत्या. तिने पदराने तोंड पुसलं आणि विळा परत उचलला.

"उपास तर मीच केले, वन्सं," ती म्हणाली.