गाऱ्हाण्याला मी नाही म्हणाले

माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे आणि तिला थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं. ती पाळण्यात होती तेव्हापासून हे चालू आहे. मी हे सगळं एका दमात सांगून टाकते, कारण पुढे लोक काय विचारणार ते मला पाठ आहे. किती दिवस चालणार हे? आयुष्यभर. मग लग्नाचं काय? पत्रिका तुमच्या घरी येईल, तुम्ही काळजी करू नका.

मी तोंडाने फटकळ आहेच. मुलगी तशी नाही. ती एका कंपनीत अकाउंट्स बघते, बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमधून रिक्षाने जाते, रिक्षाने येते. रक्त चढवायची तारीख जवळ आली की तिचा चेहरा पिवळट पडतो, धाप लागते. आमची लिफ्ट बंद असली की जिन्यात मध्येच थांबते आणि मोबाईल बघायचं नाटक करते. हात धरायला गेले तर म्हणते, "आई, मेसेज बघतेय मी." मोठ्या झालेल्या मुलीचं आजारपण काढायचं म्हणजे नाटक कळत असताना आपणही गुपचूप भाजी निवडत बसायचं. लहान होती तेव्हा नाक दाबून औषध पाजता यायचं. बाहेरचं रक्त घेऊन अंगात लोह साठतं, ते उतरवायची गोळी रोज घ्यावी लागते. ती घेतली की नाही हे आता विचारायची सोय नाही. विचारलं की भांडण.

पण तिच्यावर चिडते ती तेवढ्यापुरती. माझा मुरलेला राग आहे तो सासरच्यांवर, आणि त्यातला अर्धा एकट्या नवऱ्यावर.

हा आजार आईकडून आणि बापाकडून मिळून येतो. एकट्याकडून येतच नाही. दोघं दिसायला ठणठणीत, दोघांच्या रक्तात थोडा थोडा दोष, आणि मुलाच्या वाट्याला दोन्हीकडचा. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून हे समजावलं होतं, आणि नवऱ्याने शहाण्यासारखी मान हलवली होती. तेव्हा आम्ही इथे जवळच, मोरव्याला मोठ्या दिरांकडेच राहायचो. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? हा म्हणाला, "रक्ताचं आहे कायतरी." सासूबाई लगेच म्हणाल्या, आमच्यात नाही बाई असलं, हिच्या माहेरचं असणार. त्या वेळी नवऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मी खूपदा भांडले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "जाऊ दे ना, त्यांना काय कळतंय."

मोठ्या दिरांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी नवऱ्याला घेऊन मुद्दाम मोरव्याला गेले. हाडवैर जरी असलं तरी हे सांगायलाच हवं होतं. माझ्या नवऱ्याच्या रक्तात जे आहे ते दिरांच्या रक्तात असू शकतं, त्यांच्या मुलाच्याही. म्हटलं, लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या, साधी असते. दीर म्हणाले, "अगो, आमच्या घराण्यात तसलं काय नाय. चांगल्या कामात असलं काढू नको." जाऊबाईंनी चहा पुढे केला. परत येताना नवरा मलाच म्हणाला, तुला काय पडलं होतं?

लग्न झालं. यंदा गणपतीला आम्ही तिघं गेलो तर दिरांची सून तिसऱ्या महिन्यात. स्वयंपाकघरात मोदक वळता वळता मी जाऊबाईंना पुन्हा सांगितलं, अजून वेळ गेलेली नाही, निदान आता तरी तपासून घ्या. त्या म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे ती. तिच्यापुढे आजाराचं नाव काढू नको." माझ्या हातातली पारी फाटली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण सणाचा दिवस, दुसरी पारी करायला घेतली.

विसर्जनाआधी आमच्यात गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवापुढे हात जोडून घरातल्या एकेकाची अडचण मोठ्याने सांगतो आणि बाकीचे सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात. नाही असं कुणी म्हणत नाही. दिरांचा आवाज खणखणीत, त्यांनी सुरुवात केली. कुणाची नोकरी, कुणाची बदली, मूळ गावच्या घराचं छप्पर, सगळं झालं. मग म्हणाले, "बा गणपती महाराजा, धाकट्याची लेक बारा महिने तेरा त्रिकाळ रक्त चढवतेय. तिच्या आयशीकडून, आयशीच्या माहेराकडून काय चुकलं माकलं आसंल, तर पदरात घे. आनी त्याची सावली आमच्या सुनंच्या लेकरावर पडू देव नको रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. त्यात माझ्या नवऱ्याचाही आवाज होता. माझ्या शेजारी बसून, डोळे मिटून, सवयीने.

"नाही महाराजा," मी म्हणाले.

दिरांनी जोडलेले हात तसेच ठेवून मान वळवली. "देवाला न्हाय म्हनतेस?"

"देवाला नाही, तुम्हाला म्हणते. हा आजार दोघांकडून येतो. माझं ऐकू नका, तुमच्या भावाला विचारा."

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. तो समईकडे बघत होता. मी म्हटलं, बोला. त्याने पुन्हा डोळे मिटले. मी पुन्हा म्हटलं, बोला, नाहीतर आज मी इथून उठत नाही आणि गणपतीही उठायचा नाही.

"डॉक्टर म्हणाले होते तसं," तो पुटपुटला. "माझ्याकडूनपण आलंय."

एवढंच होतं ते. इतक्या वर्षांत मला वाटायचं, हा एकदा बोलला की माझ्या मनावरचं ओझं उतरेल. कसलं काय. दोन वाक्यांत होणारं काम याने मुलीचं अख्खं आयुष्य टांगून ठेवलं, या विचाराने तो आणखीच डोक्यात गेला.

जाऊबाई सुनेला म्हणाल्या, तू आत जा. सून हलली नाही. पदर पोटाशी धरून तिने माझ्या मुलीला विचारलं, "ताई, ती टेस्ट कुठे करतात?"

"मला उद्याच रक्त चढवायला जायचंय," मुलगी म्हणाली. "तिथेच होते. माझ्यासोबत चल. दादाला पण घे."

दिरांनी कसंबसं सगळ्यांना सुखी ठेव म्हणून गाऱ्हाणं आटपलं. नवरा विसर्जनाला थांबला. मी आणि मुलगी रिक्षात बसलो.

ती तपासणी कशासाठी असते हे मला पक्कं माहीत आहे. नवराबायको दोघांत दोष निघाला तर पोटातलं बाळ तपासतात, आणि त्याला मेजर निघालं तर डॉक्टर विचारतात, ठेवायचं का? म्हणजे एवढे दिवस मी ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते ते हेच, की हिच्यासारखं दुसरं मूल या घरात जन्माला येऊ नये. आणि तिथे सुनेला हाताला धरून नेणार कोण, तर हीच.

"तू नको नेऊस तिला," मी म्हटलं. "मी नेते."

"का?"

मी पर्स उघडून रिक्षाचे सुट्टे पैसे मोजायला लागले.

"आई, ती टेस्ट कशाला करतात ते मला माहितीय. मी काय लहान आहे?" ती बाहेर बघत म्हणाली. मग म्हणाली, "तिला कोणीतरी विचारेल तरी. तुला कुणी विचारलंच नव्हतं."

विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस, हे मात्र तिने विचारलं नाही. मी वाट बघत होते, आता विचारेल म्हणून. मग मी तिच्यावरच खेकसले, ओढणी बाहेर लोंबतेय, आत घे आधी. तिने ओढणी आत घेतली.