समितीचा सांड

पंचायत समित्या नुकत्याच निघाल्या होत्या. आमच्या समितीवर एकही बाई निवडून आली नव्हती, आणि कायद्याला तर बाया हव्या होत्या. म्हणून निवडून आलेल्या पुरुषांनी दोघींना आत घेतलं. एक मी, मॅट्रिक झालेली शेतकऱ्याची सून. दुसरी तांड्याच्या नाईकाची सून. सभापतींनी पहिल्याच दिवशी आमचं काम समजावून सांगितलं. "चहा घ्यायचा, सही करायची, यष्टी सुटायच्या आत घरी जायचं."

काही दिवस आम्ही ते इमानाने केलं.

मग आमची गाय माजावर आली. गावरान गुरांची पैदास सुधारावी म्हणून सरकारने समितीला एक जातिवंत सांड दिला होता. तो गुरांच्या दवाखान्यात असायचा. आमच्या गड्याने गाय तिथवर हाकत नेली, तर तिथला माणूस म्हणाला, सांड आजारी आहे. पुढच्या खेपेलाही आजारीच. गाय बिचारी उन्हातान्हात जायची आणि तशीच परत यायची.

त्याच सुमारास सभेत खर्च वाचून दाखवला. सांडाची ढेप, सांडाची चुणी, सांडाचा कडबा. मी उभी राहिले. पदर सावरला आणि विचारलं.

"आजारी सांड एवढी ढेप खाते कसा?"

सभेत खसखस पिकली. एकाने तर टोपीत तोंड लपवलं. सभापती म्हणाले, "वयनी, हा विषय बायाईचा नाही."

"बरोबर आहे. सांडाचा आहे. म्हणूनच इचारून राह्यली, तो आहे कुठं?"

बीडीओ साहेब पुण्याकडचे, तरुण. ते कानापर्यंत लाल झाले आणि "माहिती घेऊन सांगतो" म्हणाले. पुढच्या सभेत माहिती आली: सांडाला विश्रांतीसाठी हलवलं आहे.

"कायच्यानं थकला?" माझ्या शेजारची नाईकाची सून बसल्या जागेवरून म्हणाली. "गाई तर साऱ्या तशाच परत आल्या. सभापतीच्या वावरात वखर ओढून राह्यला तो. येताना पाहून आली मी."

एरवी सभेत डुलक्या घेणारे सभासद खडबडून जागे झाले. "चला, पाहूनच येऊ!" जीपमध्ये मावतील तेवढे कोंबले, बाकीचे सायकलींवर निघाले.

वावरात सांड जुवाखाली होता, शेजारी सभापतींचा म्हातारा बैल. सगळे सभापतींकडे बघायला लागले.

"व्यायाम पाहिजे ना त्याले," ते म्हणाले.

सांड दवाखान्यात परत आला. सभापती खुर्चीतच राहिले. त्यांच्याविरुद्ध ठराव कोण मांडणार? समितीचा फवारणीचा पंप एका सभासदाच्या घरी, नांगर दुसऱ्याच्या.

घरी हे पोट धरून हसले. "सारं गाव तुले सांडवाली बाई म्हणून राह्यलं." सासूबाई मात्र कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भर सभेत, पुरुषांपुढे, सुनेने काय विचारावं!

पुढच्या माजाला गड्याने गाय परत दवाखान्यात नेली, आणि या खेपेला सांड जागेवर होता. दिवस भरल्यावर गाय व्याली, कालवड झाली. जातिवंत वगैरे काही दिसेना, थेट आईवर गेलेली. सासूबाईंनी खरवस करून शेजारीपाजारी वाटला. कालवड कोणाची, असं कुणी विचारलं की सांडाचं नाव काही त्यांच्या तोंडातून निघायचं नाही. पदर पुढे ओढून म्हणायच्या, "ते... समितीचे."