पगारी गोफण

साळूबाईला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. माणच्या माळावर मेंढरं गुमान चरत असली तरी तिच्या हातातली गोफण फिरायचीच. एखादं मेंढरू पिकाकडं निघालं की खडा सुटायचा, त्याच्या नाकापुढं पडायचा आणि मेंढरू वळायचं. खडा अंगाला लागला, तर तो धनगराला कमीपणा.

बिरोबाच्या जत्रेत लिंबाला मडकं टांगून गोफणीचा डाव व्हायचा. नवरा ज्ञानू मुंबईला गोदीत, म्हणून घरातर्फे साळूबाई उभी राहिली. पहिल्या साली लोक हसले. पुढं मडकं फोडणाऱ्याचा मानाचा फेटा लागोपाठ तिच्याच घरी यायला लागला. तो ती सासऱ्याच्या, केरबाच्या डोक्यावर ठेवायची. केरबा जत्रेचा पंचही होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत नानासो नावाचा सांगलीकडचा सर्कसवाला जत्रेला आला. त्याचे निम्मे खेळगडी पलटणीत गेले होते. त्यानं साळूबाईला पगारावर बोलावलं.

केरबा म्हणाला, "पगार घिऊन दगूड टाकणाऱ्याला देवाम्होरं टाकता येत न्हाई. रीत हाय. एक कायतरी धर."

"मामंजी, वर्साला एक डाव. बाकीचं दिस ह्या हातानं काय करू?"

"मेंढरं राख की."

"ती राखूनच हात शिवशिवतोय."

ज्ञानूचा निरोप आला, बाबा म्हणतील तसं. बाबा तर 'एक कायतरी धर' याच्यापुढं जाईनात. विचाराच्या नादात तव्यावरच्या भाकरी करपू लागल्या, तेव्हा साळूबाईनं आपणच गाठोडं बांधलं.

रॉकेल मिळत नसल्यानं सांगलीत सर्कशीचे खेळ दिवसाच होत. पहिल्याच दिवशी नानासोनं परीक्षा घेतली. घोड्याच्या खोगिरावर मडकं बांधलं आणि घोडं रिंगणात सोडलं. साळूबाईचा खडा घोड्याच्या तोंडापुढं पडला. घोडं गर्रकन वळलं. दुसऱ्या खड्यालाही तेच. विदूषक पोट धरून हसले.

"आवं बाई, मडकं फोडायचंय. घोडं काय चरायला न्यायचंय व्हय?" नानासो म्हणाला.

"जित्राबावर दगूड सुटत न्हाई माजा."

"मडक्यावर टाका."

"ते जित्राबावरच हाय न्हवं?"

"मग उद्या माणची गाडी धरा."

ती तंबूमागं येरझाऱ्या घालू लागली. अजून पगाराला हात लावला नव्हता. परत गेली असती तर जत्रेतली जागा शाबूत होती. पण मग एका डावासाठी वर्षभर वाट बघावी लागली असती. ती तशीच रिंगणात आली.

"मडकं काढा. लगाम काढा. घोडं मी म्हणंन तितं वळंल."

आणि वळलं. डावीकडं, उजवीकडं, शेवटी तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. नानासोनं तिला ठेवून घेतलं. महिना भरला, तेव्हा पगारासाठी अंगठा उठवताना तिचा हात मात्र क्षणभर अडला.

मिरज, कराड, कोल्हापूर झालं. लोक आता तिच्यासाठी तिकीट काढू लागले. दुसऱ्या साली तंबू मलकापुरात असताना केरबा आला. साळूबाईनं चहा दिला आणि आधी तेच विचारलं, "औंदा मडकं कुणी फोडलं?"

"कुणाचाबी खडा लागला न्हाई. दिस कलला, तवा पंचातल्या हरिबानं काठीनं फोडलं."

ती हसली. केरबा हसला नाही.

"पंचांनी धाडलंय मला. पगार सोडलास तर देव तुला परत घील म्हनत्यात."

"देव म्हनतोय का पंच?"

"पंच. मीबी."

साळूबाई उठली, बसली, पुन्हा उठली. रिंगणात घंटा झाली.

"न्हाई मामंजी," ती म्हणाली. "खेळ बगून जावा."

केरबा बघत असताना त्या खेळात तिचा पहिला खडा घोड्याच्या फार पुढं गेला. घोडं वळलंच नाही. दुसरा तिनं नीट टाकला आणि घोडं वळलं.