सुपारीच्या डब्यातली चौदा कार्डं

त्या दिवसाचा रोजनामचा, म्हणजे पोलीस ठाण्याची रोजची नोंद, मला अजून तोंडपाठ आहे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ठाण्याच्या फोनवर खबर आली. शहराबाहेरच्या विमान प्रशिक्षण संस्थेचं एक छोटं विमान धावपट्टीच्या कुंपणापलीकडे सोयाबीनच्या शेतात पडलं होतं. आत दोघे होते. मी तेव्हा भोपाळच्या एका ठाण्याचा टी.आय. होतो, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ठाण्याचा पोलीस निरीक्षक म्हणतात तो. तीसेक वर्षं खाकीत काढली, खून-दरोडे सगळं पाहिलं. पण कोणत्या प्रकरणाने तुम्हाला शिकवलं असं कुणी विचारलं, तर मी याच प्रकरणाचं सांगतो. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा संस्थेच्या माणसांनी दोघांना बाहेर काढलं होतं. प्रशिक्षक बेशुद्ध होता. शिकणाऱ्या मुलीचा उजवा हात मोडला होता, पण ती शुद्धीवर होती. दोघांना साकेत नगरजवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. विमान अपघातात पोलिसांचं काम मर्यादित असतं. अवशेषांना हात लावायचा नाही, पहारा द्यायचा, पंचनामा करायचा आणि दिल्लीच्या तपास अधिकाऱ्यांची वाट पाहायची. मी दोरी बांधली आणि दोन शिपाई उभे केले.

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून तपास अधिकारी बाई आल्या. मध्यम वय, पायात साधे बूट, बोलणं कमी. त्यांनी चेंबलेल्या विमानात डोकं घातलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढलं.

"कार्ड कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं.

मला कार्ड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं. या विमानाच्या पॅनेलमध्ये नखाएवढं एक कार्ड असतं. उड्डाण चालू असताना वेग, उंची, इंजिनाचे फेरे, इंधनाचा प्रवाह, सगळं सेकंदासेकंदाला त्यावर उतरतं. खाच रिकामी होती. कार्ड उडून पडलेलं नव्हतं, कुणीतरी दाबून नीट काढलं होतं. पहारा माझा असल्यामुळे पहिला संशय माझ्याच शिपायांवर आला. ते मला झोंबलं, हे लपवत नाही.

ती मुलगी पिपलानीच्या क्वार्टरमधली. वडील तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर, अकोल्याकडून नोकरीसाठी आलेले. असं घर मला आतून माहीत आहे. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले दफ्तरी. फायली बांधण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. पदवीचं प्रमाणपत्र आजही बैठकीत लावलेलं आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तीही तिच्या घरातली पहिलीच.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक गेला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याच्या बायकोने मला एकच विचारलं, "सर, चूक कुणाची होती?"

"शोधून काढतो," मी म्हणालो. पोलिसांच्या तोंडात हे उत्तर तयारच असतं.

त्याच दुपारी मी मुलीचा जबाब घ्यायला तिच्या वॉर्डात गेलो. बाकावर तिचे वडील मान खाली घालून बसले होते. मी काही विचारायच्या आधी तिने उशीखालून एक कागद काढून दिला. डाव्या हाताने लिहिलेली वाकडीतिकडी अक्षरं होती: उतरताना अंदाज चुकला, विमान पुन्हा वर न्यायला मी उशीर केला, चूक माझीच आहे.

"हे तुला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही, सर. चूक माझीच असणार."

असणार, असं ती म्हणाली. होती, असं म्हणाली नाही. खरा आरोपी आधी सबब सांगतो. न मागता हातात आलेली कबुली दोनदा तपासून घ्यावी, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. तरी तो कागद मी फाइलला लावला आणि संध्याकाळपर्यंत वरिष्ठांकडे अहवाल धाडला, 'प्रथमदर्शनी विद्यार्थिनीची हयगय.' निष्काळजीपणाने मृत्यू, असा गुन्हा तिच्यावर दाखल व्हायचा तेवढा बाकी होता. तसं झालं असतं तर विमानच काय, साधी नोकरी मिळणंही तिला अवघड होतं. मला मात्र तीन दिवसांत प्रकरण उलगडल्याचं समाधान वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. आवाज तरुण मुलाचा.

"सर, विमानातलं कार्ड काही पहिल्यांदा गायब झालेलं नाही. इथे लँडिंग वाईट झालं की कार्ड गायब होतं."

"कोण करतं?"

"ते नाही सांगणार. माणूस वाईट नाही."

"तुझं नाव?"

"नाव नको, सर. इथे नाव भिंतीवर लागतं."

फोन बंद झाला. मी तडक संस्थेत गेलो आणि ती भिंत पाहिली. वर्गाच्या दाराशीच नोटीस बोर्ड होता. त्यावर वाईट लँडिंगचे आलेख छापून टाचले होते आणि प्रत्येकाखाली लाल शाईत विद्यार्थ्याचं नाव. मुख्य प्रशिक्षक शिस्तीचे गृहस्थ. आमचं बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत देतो.

"कार्ड आम्ही वाया घालवत नाही," ते म्हणाले. "ज्याने चूक केली त्याला चार लोकांत ती दिसली पाहिजे. पोटात भीती असली की हात सरळ राहतो."

खरं सांगतो, मला ते पटलं. माझ्या ठाण्यात सकाळच्या हजेरीला, आमच्याकडे तिला गणना म्हणतात, मीही हेच करत होतो. कुणाची नोंद चुकली की त्याला सगळ्यांसमोर उभं करायचो.

पण मग आलेखांवरच्या तारखा पाहिल्या. शेवटचा आलेख पाच महिन्यांपूर्वीचा होता.

"त्यानंतर?"

"त्यानंतर एकही वाईट लँडिंग नाही," ते अभिमानाने म्हणाले. "बघा, परिणाम होतो."

या बाबतीत मात्र मी त्यांच्यापेक्षा जुना होतो. ज्या गावातून पाच महिने एकही तक्रार येत नाही, त्या गावात गुन्हे थांबलेले नसतात. लोकांचं ठाण्यात येणं थांबलेलं असतं. मी एवढंच विचारलं, की उड्डाणानंतर विमानातून कार्ड कोण काढतो. तंत्रज्ञ काढतो, असं उत्तर आलं. अपघाताच्या दिवशी विमानाजवळ सर्वांत आधी पोचलेला माणूसही तोच होता.

त्याला सगळे काका म्हणत. पिपलानीच्या त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, मुलीच्या वडिलांबरोबर काम केलेला, सोनागिरीत राहणारा. मूळ नागपूरकडचा. दुपारी ठाण्यात बोलावलं तर हातात जेवणाचा डबा घेऊनच आला.

"डबा कशाला आणलात?"

"ठाण्यात किती वेळ लागंल काही सांगता येत नाही जी," तो म्हणाला. "साहेब, तुम्ही बी नागपूरकडचेच का?"

"वडील तिकडचे. आधी जेवून घ्या."

भुकेल्या माणसाची चौकशी मी कधी केली नाही. भुकेला माणूस लवकर सुटण्यासाठी काहीही बोलतो. त्याने डबा उघडला. पोळी, झुणका आणि कांदा. अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली, मी घेतली. दोन घास झाल्यावर मी मुलीचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

त्याने चष्मा लावून तो वाचला आणि हातातला घास परत डब्यात ठेवला.

"हे तिनं लिहिलं?"

"डाव्या हाताने."

"आन मी तिला वाचवाले कार्ड काढलं जी." त्याने चष्मा काढला. "तिला बाहेर काढलं ना, तवा ती सारखी म्हणे, काका माझं चुकलं, काका माझं चुकलं. मले वाटलं, कार्डावर तेच निंघंल. बापाले काय तोंड दाखवू?"

"आणि आधीची कार्डं?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग सगळं सांगितलं. आमची पंचांसमोरची जप्ती सोनागिरीत त्याच्या घरी झाली. देव्हाऱ्यामागे पितळेचा सुपारीचा डबा होता. आत अपघाताच्या दिवशीचं धरून चौदा कार्डं, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेलं. कागदावर तारीख आणि विमानाचा नंबर. वाईट लँडिंगनंतर एखादं पोर रडताना दिसलं की काका ते कार्ड काढून कोरं घालायचा, आणि खराब निघालं म्हणून सांगायचा. टाकवत मात्र नव्हतं. जन्मभर कारखान्यात काढलेला माणूस, खिळासुद्धा फेकत नसे.

"विद्यार्थ्याचं नाव का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"नाव लिहायचं असतं तर भिंत होतीच की, साहेब."

डबा लाखेने सील करून दिल्लीच्या बाईंच्या हवाली केला. दोन दिवसांनी त्यांनी मला संस्थेत बोलावलं. लॅपटॉपवर दोन रेघा होत्या.

"ही इंधनाची. इथे वर गेली. म्हणजे मुलीने विमान वर न्यायला थ्रॉटल पुढे करून शक्ती मागितली, आणि वेळेवर मागितली. ही इंजिनाच्या फेऱ्यांची. ही वर जायला हवी होती. जवळजवळ तीन सेकंद ती खाली आहे."

जमिनीपासून हाताच्या अंतरावर तीन सेकंद म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी बाकीची कार्डं दाखवली. त्या तेरापैकी नऊ कार्डं याच विमानाची होती. नऊ वेगवेगळे विद्यार्थी, आणि नऊही वेळा तीच रेघ तशीच खाली. त्या वेळी विमान उंच होतं किंवा धावपट्टी लांब उरली होती, म्हणून निभावलं. नऊही जणांना वाटलं, आपलाच हात उशिरा गेला. भिंतीच्या भीतीने कुणी दुसऱ्याला सांगितलं नाही.

"मोठ्या विमान कंपन्यांत काय करतात?" मी विचारलं.

"प्रत्येक उड्डाणाची नोंद वाचतात, चांगल्याचीसुद्धा. वाचणाऱ्यांना वैमानिकाचं नाव दिसत नाही. दहा जण एकाच ठिकाणी चुकताना दिसले, की दहा जणांना रागावत नाहीत. तोच प्रसंग पुढच्या सरावात सगळ्यांना देतात. इंजिन दिसलं तर इंजिन उघडतात."

"पण मग गुन्हेगार कसा सापडणार?"

"टी.आय. साहेब," त्या म्हणाल्या, "आधी बिघाड तर सापडू दे."

मुलीला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती उशीला टेकून उठून बसली. मग विचारलं, "म्हणजे सर, मी थ्रॉटल पुढे केला होता?"

"केला होता."

"वेळेवर?"

"वेळेवर."

तिने प्लास्टरमधल्या उजव्या हाताकडे पाहिलं. स्वतःच्या हातावरचा विश्वास तिने अपघाताच्या दिवशीच सोडला होता, आणि त्यावर शिक्का मारायला मी निघालो होतो. ती रडली नाही. तिचे वडील रडले.

काकाला सांगणं जास्त जड गेलं. त्याने बोटांवर महिने मोजले. त्या विमानाचं पहिलं कार्ड त्याने पाच महिन्यांपूर्वी काढलं होतं.

"म्हणजे तवाच दिलं असतं तर ते सर जगले असते."

"दिलं असतं तर भिंतीवर लागलं असतं," मी म्हणालो. "तिथे लोक नाव वाचत. इंजिनाची रेघ कुणी वाचली असती?"

"मी वाचली असती, साहेब. चाळीस वर्षं यंत्रांत गेली. पाहताबरोबर कळलं असतं. पण मी एक बी कार्ड कधी उघडून पाहिलं नाही. पाहिलं तर कोणाचं चुकलं ते कळंल, म्हणून."

 पुरावा दडवल्याचा गुन्हा मी त्याच्यावर नोंदवला. नोंदवावाच लागला. कोर्टात साक्ष देताना हेही सांगितलं, की चौदाही कार्डं त्याने स्वतः काढून दिली आणि ती नसती तर खरं कधीच कळलं नसतं. शिक्षा किरकोळ झाली. त्याला त्याचं काही वाटलं असेल असं मला दिसलं नाही. मोठी शिक्षा तो आधीच भोगत होता.

मुलीवर गुन्हा दाखल झाला नाही. हात बरा झाल्यावर ती पुन्हा शिकायला गेली. बोर्ड मुख्य प्रशिक्षकांनी स्वतः उतरवला. प्रशिक्षकाच्या बायकोला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गेलो, तेव्हा एका नावाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आधीच कळू शकलं असतं." मी हो म्हणालो.

तिला भेटून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गणना झाली. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की त्या मुलीविरुद्धचा अहवाल मी पुरावा न पाहता धाडला होता. चूक माझी होती. ती कशी झाली तेही सांगितलं. उलगड्याची घाई, वरिष्ठांची शाबासकी, आयता हातात आलेला कागद. कुणी हसलं नाही. कुणी माझ्याकडे पाहतही नव्हतं.

मग मागच्या रांगेतून ठाण्याच्या जुन्या मुंशीने, म्हणजे आमच्या लेखनिक हवालदाराने, हात वर केला. माझ्याकडून सगळ्यांत जास्त बोलणी खाल्लेला माणूस.

"साहब," तो म्हणाला, "एक बात मेरी भी है."

त्यानेही एक चूक लपवली होती. ती ऐकायला मला अर्धा तास लागला आणि निस्तरायला दोन महिने. कुणीतरी विनाकारण जे भोगत होतं, ते थांबलं. ती चूक काय होती ते मी इथे लिहिणार नाही. नाव गाळून लिहिली तरी त्या ठाण्यातले लोक त्याला ओळखतील, आणि मग हा लेखही नोटीस बोर्डच होईल.